आरएफ टेस्ट स्टँड: सुरक्षा आराखड्याच्या नोंदी

५ जून २०२३

आरएफ (रेडिओ-फ्रीक्वेन्सी लहरी) टेस्ट स्टँडचा सुरक्षा आराखडा आजपासून माझ्या गळ्यात. सर म्हणाले, "क्लायस्ट्रॉन तुम्हीच बसवलात, तेव्हा तो कुणाला कुठून चावेल हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?" यावर काय बोलणार!

यंत्राची कुंडली एकदा लिहून ठेवते. २८५६ मेगाहर्ट्झचा क्लायस्ट्रॉन (मायक्रोवेव्हची पॉवर वाढवणारी मोठी व्हॅक्यूम नळी), पल्समध्ये ५ मेगावॉट, पल्सची लांबी ४ मायक्रोसेकंद, सुरुवातीला सेकंदाला १० पल्स. त्याला १३० किलोव्होल्टचा धक्का देणारा मोड्युलेटर. क्लायस्ट्रॉनमधून वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) भिंतीतून बंकरमध्ये जाते आणि तांब्याच्या फोटोकॅथोड गनला मिळते. कॅथोडवर लेझर पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि दहा सेंटिमीटरच्या आत आरएफ त्यांना काही एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेपर्यंत पोचवतं. लेझर यायला अजून वर्ष आहे. तोवर फक्त कंडिशनिंग, म्हणजे पॉवर जरा जरा चढवायची, आत ठिणग्या पडू द्यायच्या आणि तांबं हळूहळू सरावू द्यायचं.

९ जून

पहिला मसुदा चौदा पानांचा झाला. त्यातली अकरा पानं आरएफच्या गळतीवर. साहजिकच आहे, यंत्राच्या नावातच आरएफ. शिवाय ते गणित करायला मजा येते. ५ मेगावॉट म्हटलं की छाती दडपते, पण पल्स ४ मायक्रोसेकंदांची आणि सेकंदाला दहाच, म्हणजे सरासरी २०० वॉट. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याहून जास्त देतो. तरी वेव्हगाइडचं तोंड आतून ७२ बाय ३४ मिलिमीटरचं, ते उघडं राहिलं तर तोंडाशी चौरस मीटरला सुमारे ८१ हजार वॉट. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे या फ्रीक्वेन्सीला काम करणाऱ्यांसाठी मर्यादा चौरस मीटरला ५० वॉट, अख्ख्या शरीरावर, अर्ध्या तासाच्या सरासरीने. बाकीच्यांसाठी १०. म्हणजे उघड्या तोंडाशी मर्यादेच्या सोळाशे पट. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. त्यामुळे "जरा डोकावून बघतो" हा प्रकार कायमचा बंद.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. वेव्हगाइडमध्ये ठिणगी पडू नये म्हणून आपण दाबाखाली एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायू भरतो. फ्लँज कुणी सैल केला तर दाब उतरतो, प्रेशर स्विच पडतो, मोड्युलेटर बंद. ठिणगीसाठी आणलेला वायू फुकटात राखणदारी करतो. बंकरच्या बाजूचा भाग निर्वात आहे, तिथे हेच काम व्हॅक्यूम गेज करतो.

उरलेल्या तीन पानांत बाकी सगळं. रेडिएशनवर पाव पान: "लेझर नाही, म्हणून बीम नाही. डार्क करंट (लेझरशिवायच तांब्यातून निसटणारे इलेक्ट्रॉन) थोडाफार असेल, कंडिशनिंगच्या काळात तो नगण्य धरला आहे."

मसुदा काकांना वाचायला दिला. ते मोड्युलेटरवर तीस वर्षं आहेत. चष्मा वर सरकवून म्हणाले, "मॅडम, छान लिहिलंय. पण माणूस मरतो कुठे ते यात नाही."

१२ जून

काकांनी मोड्युलेटरच्या कपाटासमोर उभं केलं. आत पल्स बनवणारी कपॅसिटरची रांग, म्हणजे पीएफएन. ०.२ मायक्रोफॅरड, २६ किलोव्होल्ट, अंदाजे ६८ जूल. हातातून छातीत गेले तर माणूस उठत नाही. मेन बंद केला की ब्लीडरचा रेझिस्टर हे ओझं दोनेक सेकंदांत उतरवतो. पण तो रेझिस्टर आतल्या आत तुटला असेल तर बाहेरून काही कळत नाही. मीटर शून्य, दिवे बंद, पंखे शांत, आणि कपॅसिटर भरलेला.

दुसरी गोष्ट पुस्तकात वाचली होती, पाहिली आज. काकांनी जुना सुटा कपॅसिटर चार्ज केला, शॉर्ट केला, शॉर्ट काढला आणि म्हणाले, "आता चहा घेऊन येऊ." परत आलो तेव्हा मीटरवर पुन्हा व्होल्टेज चढलेलं. डायइलेक्ट्रिकने धरून ठेवलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो. म्हणून शॉर्ट करून काढून घ्यायचा नाही, काम संपेपर्यंत लावूनच ठेवायचा.

आराखड्यात घेतलं: ब्लीडरच्या दोन वेगळ्या माळा. स्वतःच्या वजनाने पडणारी शॉर्टिंगची पट्टी, जिला सोलेनॉइड वर धरून ठेवेल आणि वीज गेली की ती आपोआप खाली येईल. ती पडलेली बाहेरून दिसावी म्हणून दाराला काच. त्यानंतर हाताने अर्थिंगची काठी, आधी रेझिस्टरवाली आणि मग थेट. काकांनी आणखी एक ओळ घालायला लावली: एक हात खिशात. हसू आलं, पण ती तशीच ठेवली आहे.

१९ जून

एसएफ६. हवेच्या पाचपट जड. गळला तर केबलच्या खंदकात साचतो, वास नाही, आणि खाली उतरणाऱ्याला प्राणवायू मिळत नाही. खंदकात ऑक्सिजन मीटर, सिलिंडर हॉलच्या बाहेर. वेव्हगाइडमध्ये ठिणग्या पडून गेल्यावर हा वायू निरुपद्रवी राहत नाही, त्यातून विषारी फ्लोरिनची संयुगं तयार होतात. म्हणून वेव्हगाइड उघडण्याआधी आतला वायू गोळा करायचा, नायट्रोजनने धुवायचं, हातमोजे घालायचे. हवेत सोडायचा नाही हे वेगळं सांगायला नको. हवामान तापवण्यात एक किलो एसएफ६ वीस हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो.

२८ जून

पाऊस लागला. हॉलमध्ये भिंतीसुद्धा ओल्या लागतात. चिलरचं पाणी थंड, पाइपांना घाम, घामाचे थेंब थेट फ्लो स्विचच्या कनेक्टरवर. दिवसातून पाच-सहा वेळा "पाण्याचा प्रवाह नाही" म्हणून ट्रिप. प्रवाह ठणठणीत आहे. सगळे वैतागले आहेत, मीही.

११ जुलै

आज हे सापडलं. फ्लो स्विचच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा. जंपर, म्हणजे स्विचला वगळून जाणारी वाट. कुणी लावला, कधी लावला, कुठेही नोंद नाही. किमान आठवडाभर क्लायस्ट्रॉनच्या कलेक्टरला पाणी आहे की नाही हे बघणारं कुणी नव्हतं. कमी पॉवरवर चाचण्या चालू होत्या, म्हणून निभावलं.

तासभर चिडून झाल्यावर स्वतःलाच विचारलं: हा इंटरलॉक (गडबड दिसली की यंत्र थांबवणारी व्यवस्था) दिवसाला सहा वेळा खोटं बोलत होता. संध्याकाळी सात वाजता, शेवटची बस चुकायच्या भीतीत, मी काय केलं असतं? उत्तर सोयीचं नव्हतं.

कुणी लावला हे शोधत बसायचं नाही असं सरांशी बोलून ठरवलं. शोधलं असतं तर पुढचा जंपर जास्त चांगला लपवला गेला असता.

१४ जुलै

आधी मूळ दुखण्याचा इलाज केला. पाण्याचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवलं, पाइपांना इन्सुलेशन, कनेक्टर खालच्या बाजूने. तीन दिवसांत एकही ट्रिप नाही.

मग जंपर. बंदी घातली तर ते खिशातून निघणार, म्हणून उलट केलं. सहा जंपर स्वतः बनवले, हातभर लांब लाल वायरचे, प्रत्येकाला पितळी बिल्ला, १ ते ६ आकडे कोरलेले. कंट्रोल रूममध्ये फळीवर सहा हुक. जंपर लावायचा तर वहीत कारण, वेळ आणि दोघांच्या सह्या. सहाही हुकावर असल्याशिवाय हाय पॉवर नाही. माणसांच्या जिवाशी संबंधित साखळीवर, म्हणजे बंकरचं दार, आत कुणी राहिलं नाही ना याचा शोध, आणीबाणीची बटणं यांवर जंपर मुळीच लागणार नाही. तिथले टर्मिनल सीलबंद पेटीत गेले.

काका म्हणाले, "लाल वायर इतकी लांब कशाला? कपाटाचं दार लागणार नाही." म्हटलं, तेच हवं आहे.

२६ जुलै

प्रशिक्षणाला आलेल्या मुलाशी पीएलसीवरून (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) वाद. त्याचं म्हणणं, "ताई, सगळं पीएलसीत टाकू. दार, शोध, दिवे, सगळं स्क्रीनवर दिसेल. हे रिले कोण वायर करत बसणार?" मुलगा हुशार आहे, प्रोग्रॅम सुबक लिहितो. पण बंकरच्या दाराची साखळी मला तारेचीच हवी. दोन स्वतंत्र २४ व्होल्टचे लूप, दाराला दोन वेगळ्या पद्धतीचे स्विच. एक लूप मोड्युलेटरचा कॉन्टॅक्टर पाडेल, दुसरा थायराट्रॉनचं (मोड्युलेटरची पल्स सोडणाऱ्या स्विचचं) ट्रिगर तोडेल. तार तुटली, उंदराने कुरतडली, वीज गेली, तरी निकाल एकच: बंद.

त्याला थेराक-२५ ची गोष्ट सांगितली. कॅन्सरच्या उपचारासाठी वापरला जाणारा लिनॅक (इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र), आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना प्रचंड मोठा डोस बसला. एका ठिकाणची चूक तर ऑपरेटर कीबोर्डवर भराभर दुरुस्ती करायची तेव्हाच बाहेर यायची. म्हणजे अनुभवी, सराईत हातांनीच.

पीएलसी ठेवला आहे. तो बघेल, नोंदवेल, दाखवेल. थांबवण्याचं काम त्याच्याकडे नाही.

२ ऑगस्ट

बंकरच्या दारावर दिवा लागला. लाल पेटला की आत जायचं नाही. फलक मराठी, हिंदी, इंग्रजीत. झाडलोट करणाऱ्या मावशींना समजावून सांगत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लाल पेटला तर जायचं नाही. बरं. आन् बल्ब उडाला असंल तर?"

मी गप्प. दोन महिने दिव्याचा रंग, उंची, तीन भाषांतले शब्द यांत गेले, आणि विझलेला दिवा म्हणजे आत सुरक्षित, हे आम्ही सगळ्यांनी न बोलता धरून चाललो होतो.

आता दिव्याच्या सर्किटमध्ये करंट बघणारा रिले. बल्ब उडाला तर मोड्युलेटर चालूच होणार नाही. आणि आत जायला परवानगी असेल तेव्हा हिरवा पेटलेलाच हवा. दोन्ही विझलेले असतील तर बाहेरच थांबायचं आणि कंट्रोल रूमला कळवायचं. मावशींना पुन्हा दाखवलं. "आता कसं," म्हणाल्या आणि बादली उचलून पुढच्या खोलीकडे गेल्या.

१८ ऑगस्ट

शोधाची तालीम. बंकर बंद करण्याआधी एकाने आत फेरी मारून तीन कोपऱ्यांतली बटणं ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळात दाबायची, मग बाहेर येऊन दार लावायचं. त्यानंतर भोंगा आणि ३० सेकंद थांबणं. तेवढ्यात आत कुणी असेल तर जवळचं आणीबाणीचं बटण दाबायचं. तिसरं बटण मुद्दाम गनच्या पाठीमागे, शिशाच्या विटांच्या आडोशाला लावलं आहे. माणूस दिसत नाही तो तिथेच, त्यामुळे बटण दाबायला तिथे जावंच लागतं.

पहिल्या तालमीत मुलाने अठ्ठावीस सेकंदांत फेरी पूर्ण केली. बटणं तिन्ही दाबली, पण मी विटांमागे ठेवलेली खुर्ची त्याने पाहिलीच नाही. खुर्चीवर माझी ओढणीसुद्धा होती. क्रम आणि वेळ मोजता येते, नजर कुठे होती ते मोजता येत नाही. वेळेची खालची मर्यादाही घातली: चाळीस सेकंदांच्या आत फेरी संपली तर ती धरायची नाही.

जेवताना हनोईचं बोलणं निघालं. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिथल्या एका संशोधन संस्थेत एक शास्त्रज्ञ नमुना नीट लावायला ॲक्सिलरेटरच्या खोलीत गेला. यंत्र चालवणाऱ्यांना तो आत आहे याचा पत्ताच नव्हता. बीम सुरू झाला. एक हात काढून टाकावा लागला. आता प्रत्येकाची स्वतःची किल्ली आहे. आत जाताना ती पॅनलमधून काढून खिशात ठेवायची. एकही किल्ली बाहेर असली तर मोड्युलेटर मुका.

१५ सप्टेंबर

आरएसओंची (रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्यांची) सही झाली. एईआरबीकडचे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडचे) कागद पुढे गेले. गणपतीनंतर पॉवर.

३ ऑक्टोबर

पहिल्यांदा गनमध्ये आरएफ. बंकर शोधला, बंद केला, भोंगा वाजला, काकांनी देवाचं नाव घेतलं. दिवसअखेर १ मेगावॉट. व्हॅक्यूम दोन-तीनदा उसळला आणि बसला.

गनजवळ ठेवलेला जीएमचा (गायगर-म्युलर नळीचा) रेडिएशन मॉनिटर सेकंदाला १० काउंट दाखवतो. आम्ही सगळे खूश. काँक्रीटच्या आतच एवढं कमी, तर बाहेर विचारायलाच नको. माझ्या पाव पानातला "नगण्य" खरा ठरला, असं मनात आलंच.

४ ऑक्टोबर

२ मेगावॉट. काउंट १०. मुलाने "लेझर बंद = रेडिएशन नाही" अशी चिठ्ठी छापून कंट्रोल रूममध्ये चिकटवली. मी हसले, काढायला सांगितलं नाही.

रात्री मात्र झोप लागेना. फील्ड वाढली की तांब्यातून निसटणारे इलेक्ट्रॉन सरळ रेषेत वाढत नाहीत, झपाट्याने वाढतात. पॉवर दुप्पट झाली आणि काउंट जागच्या जागी? दहाचे साडेदहाही झाले नाहीत.

५ ऑक्टोबर

सकाळी पॉवर तीच ठेवली, फक्त पल्स सेकंदाला १० वरून २५ केल्या. काउंट २५. पुन्हा १० केल्या. काउंट १०.

जीएम रेडिएशन मोजतच नव्हता. तो आमच्या पल्स मोजत होता.

मुलाला फळ्यावर काढून दाखवलं. जीएमची नळी एकदा पेटली की शंभरेक मायक्रोसेकंद आंधळी असते. आपली पल्स ४ मायक्रोसेकंदांची. त्या चार मायक्रोसेकंदांत एक फोटॉन आला काय किंवा लाख आले काय, नळी एकदाच "आला" म्हणणार आणि पुढच्या पल्सपर्यंत गप्प. चोवीस तास चालणाऱ्या स्रोतासाठी जीएम उत्तम आहे, पण आमच्यासारख्या यंत्राजवळ तो कमाल मर्यादेला जाऊन टेकतो आणि तो आकडा दिसायला गोंडस असतो. हेच थोड्या फरकाने आरएफच्या प्रोबला लागू आहे. डायोडवाला प्रोब अशा छोट्या, उंच पल्सच्या सरासरीबद्दल भलतंच सांगतो, म्हणून गळती मोजायला थर्मोकपलवाला घ्यायचा, हे मी स्वतःच नवव्या पानावर लिहिलं होतं. तीच शंका रेडिएशनच्या मीटरबद्दल मला आली नाही.

आरएसओंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आयन चेंबर आणतो. तोवर पॉवर बंद."

चिठ्ठी मी स्वतः काढली.

६ ऑक्टोबर

आयन चेंबर (किरणांमुळे वायूत तयार होणारा करंट मोजणारं उपकरण) लावला. पॉवर एकेक पायरी चढवताना त्याचा काटा दरवेळी जास्त मोठी उडी घेतो. फील्डबरोबर चढायला हवा तसाच. गनजवळ जीएमच्या आकड्याच्या कितीतरी पट. लेझरशिवाय, बीमशिवाय, फक्त तांब्याच्या पृष्ठभागावरच्या सुईच्या टोकाएवढ्या खडबडीतून निघालेले इलेक्ट्रॉन: काही एमईव्हीपर्यंत चढणारे, समोरच्या भिंतीवर आदळून एक्स-रे देणारे. समाधान एवढंच की आरएफ बंद की एक्स-रेही त्या क्षणी बंद. या ऊर्जेला तांबं स्वतः किरणोत्सारी होत नाही.

दाराबाहेर आणि वेव्हगाइडच्या भोकाशी बॅकग्राउंडच्या आसपास. म्हणजे काँक्रीटचं गणित बरोबर होतं, पाव पान चूक होतं. ती ओळ खोडली. "लेझर असो वा नसो, आरएफ चालू म्हणजे बीम चालू" असं धरून तो सगळा भाग नव्याने लिहिला. दीड पानाचा झाला. बंकरबाहेरच्या टीएलडी बॅजचे (एकूण डोस मोजणाऱ्या बिल्ल्यांचे) आकडे तिमाही संपल्यावर येतील. टीएलडी सगळं साठवत जातो, त्याला जीएमचा रोग नाही.

क्लायस्ट्रॉनच्या बाजूलाही फेरी मारली. तिथे १३० किलोव्होल्टचे एक्स-रे, शिशाचं जाकीट पुरेसं आहे. एका जोडावर बोटभर फट होती, शिशाचा पत्रा ठोकून बुजवली.

२३ ऑक्टोबर

खंडेनवमी. यंत्रांची पूजा. मोड्युलेटरला हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. आदल्या दिवशी मी काकांना एवढंच म्हटलं होतं की माळ हवा जाणाऱ्या जाळीवर नको. त्यांनी ऐकलं. पण उदबत्ती राहिली. स्मोक डिटेक्टरने अख्ख्या हॉलची वीज तोडली. अंधारात शॉर्टिंगची पट्टी पडल्याचा "ठक्" आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बघा, चालतंय," काका म्हणाले. प्रसाद टॉर्चच्या उजेडात वाटला.

पुढच्या वर्षीसाठी आराखड्यात: पूजा हॉलच्या बाहेर, नाहीतर उदबत्तीशिवाय. डिटेक्टर बंद करून पूजा करायची सूचना एकाने केली होती, ती वहीत नोंदवून नाकारली.

७ नोव्हेंबर

दिवाळीआधीचं शेवटचं रन उद्या: ५ मेगावॉट, २५ पल्स. सकाळपासून यादी तपासत आहे. एसएफ६ चा दाब ठीक, पाणी ठीक, दोन्ही लूप ठीक, दिव्यांचे रिले ठीक, आयन चेंबर ठीक.

फळीवर पाचच जंपर. चौथा नाही. वहीत त्याची नोंद नाही. सर म्हणाले, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असेल, रन होऊन जाऊ दे. फ्लो स्विच, प्रेशर स्विच, चिलर, मॅग्नेटचा सप्लाय, सगळ्या कपाटांची दारं उघडून बघितली. लाल वायर कुठेच दिसत नाही. मुलगा आणि मी आता हॉलच्या पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करत आहोत. चौथा हुकावर आल्याशिवाय किल्ली माझ्याच खिशात राहील, असं सरांना कळवलं आहे.